देवीच्या ओटीतून उभा राहिलेला बायकांचा निधी बंद करू नका : आमच्या गावदेवी देवस्थानच्या विश्वस्तांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सगळे विश्वस्त,

सप्रेम नमस्कार.

हेच पत्र आधी लेखी दिलेलं आहे, ऑफिसात शिक्का मारून पोच घेतलीय. उत्तर आलं नाही. विचारायला गेले तेव्हा "बघू, कमिटीत घेऊ" एवढंच ऐकलं, आणि तिकडे वसुलीचे फोन मात्र चालू आहेत, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. गावाचं आणि देवस्थानचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. तुमच्यातले निम्मे माझे दीर लागतात, अध्यक्ष तर मला सासऱ्यांच्या जागी आहेत, मला कुणाची बदनामी करायची नाहीये. नवी मुंबई विमानतळासाठी उठलेल्या दहा गावांपैकी आपलं एक, एवढं पुरे. आणि उलव्यापासून करंजाड्यापर्यंत नव्या वसाहतींत आपल्यासारखी बरीच देवस्थानं आहेत, त्यांनीही वाचावं असं मला वाटतं.

जत्रेनंतरच्या सभेत काय ठरलं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. महिला साहाय्य निधी बंद करायचा. त्यात शिल्लक आहे ती रक्कम नव्या कमानीच्या कामाला वळवायची. ज्या बायकांकडे बाकी आहे त्यांनी तीन महिन्यांत एकरकमी भरायची, नाही भरली तर नावं मंदिरातल्या बोर्डावर लावायची. हा विषय अजेंड्यावर नव्हता, "आयत्या वेळचे विषय" मध्ये आला आणि पाच-दहा मिनिटांत मंजूर झाला. तेव्हा बायका खाली महाप्रसादाची भांडी आवरत होत्या. आणि तीन महिन्यांची मुदत दिली म्हणता, पण नावं पुढच्याच मंगळवारी लागली.

मी या निधीची वही पहिल्यापासून सांभाळते. एका खाजगी ऑफिसात अकाउंट्सचं काम करते म्हणून महिला मंडळाने वही माझ्याकडे दिली. पण माझा संबंध वहीपुरता नाहीये. माझ्या सासूबाई या निधीतून उभ्या राहिल्या.

जुन्या गावात असताना सासूबाई ओहोटीची वेळ बघून खाडीत उतरायच्या. निवट्या, चिंबोऱ्या, कालवं, जे मिळेल ते पाटीत घालून पनवेलला उरण नाक्यावर नेऊन विकायच्या. माझ्या नवऱ्याचं शिक्षण त्या पाटीवर झालंय, ते तो स्वतः सांगतो. मग मोजणीवाले आले. घर मोजलं, झाडं मोजली, सातबारा बघितला. सासूबाईंची खाडी कुठल्याच फॉर्मात बसत नव्हती, कारण त्यांच्या कमाईचा एकही कागद नव्हता. जमिनीच्या मोबदल्यातला साडेबावीस टक्क्यांचा प्लॉट सासऱ्यांच्या आणि त्यांच्या भावांच्या नावावर आला, बिल्डरशी करार त्यांनी केला, आलेले पैसे त्यांच्यात वाटले गेले आणि चार वर्षांत संपले. सासूबाई फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून राहायला लागल्या. हातात स्वतःचा रुपया नाही, पानाला पैसे लागले तरी मुलाकडे मागायचे. त्या म्हणायच्या, "मना कोन कर्ज देनार, माझे नावान काय हाय?"

निधीतून त्यांना आठ हजार मिळाले. करंजा बंदरावरून सुकट, जवळा आणि बोंबील आणले, झाकणाच्या प्लास्टिकच्या ड्रमात भरले, आणि पावसाळ्यात कॉलनीतल्या घरांना विकले. सगळे पैसे फेडून दुसऱ्या वर्षी बारा हजार घेतले. आज त्यांचं स्वतःचं बँकेत खातं आहे. पेन्शन नाही, पीएफ नाही, पण नातवाला वाढदिवसाला स्वतःच्या पैशांनी शर्ट घेतात. हे मी घरात डोळ्यांनी बघितलंय म्हणून निधी बंद झाला हे मला गप्प बसून ऐकता येत नाही.

लोक म्हणतात प्रकल्पग्रस्तांना करोडो मिळाले, यांना कसलं कर्ज हवंय. आपल्याच कमिटीत एक जण हे बोलले म्हणून लिहितेय. जमीन गेली ११६० हेक्टरच्या विमानतळात, १८ फेब्रुवारी २०१८ ला भूमिपूजन झालं, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन आणि २५ डिसेंबरला विमानं उडायला लागली, सगळ्या जगाने टीव्हीवर बघितलं. त्या करोडोंमधले किती घरातल्या बाईच्या हातात आले, हे प्रत्येकाने आपापल्या घरी जाऊन विचारावं. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, जे मिठागरावर किंवा दुसऱ्याच्या शेतावर राबायचे, त्यांच्या बायकांचं तर सोडाच. आणि घर पाडल्यावर नुसतं घर जात नाही ना हो. अंगण गेलं, जिथे मिरच्या वाळायच्या. ओसरी गेली, जिथे बसून कोलीम, म्हणजे बारीक कोळंबी, निवडायचा. शेजार गेला, ज्याच्याकडून दोनशे रुपये उसने मिळायचे आणि कागद लागायचा नाही. त्या उसनवारीवर बायकांचे छोटे धंदे चालत होते. नव्या सेक्टरांत अर्धं गाव एकीकडे, अर्धं दुसरीकडे, बाजूला भाडेकरू, कुणी कुणाला ओळखत नाही. ती उसनवारी परत उभी करण्यासाठी हा निधी होता.

तो कसा उभा राहिला हे तुमच्यापैकी नवीन विश्वस्तांना कदाचित माहीत नसेल. लॉकडाऊननंतर बायका अगदी मेटाकुटीला आल्या होत्या तेव्हा भजनी मंडळातल्या म्हाताऱ्या बायांनी विषय काढला की देवीच्या ओटीत एवढ्या साड्या, खण येतात, नवरात्रानंतर त्या विकल्या जातात, ते पैसे बायकांच्याच कामाला लागू देत. तेव्हाच्या अध्यक्षांनी लगेच हो म्हटलं. साड्यांच्या विक्रीचे पैसे, भजनी मंडळाने सुपाऱ्या घेऊन जमवलेले पैसे आणि देवस्थानने टाकलेली थोडी रक्कम असा निधी झाला. पाच हजारापासून पंधरा हजारापर्यंत, व्याज नाही, पहिला हप्ता तीन महिन्यांनी, मग दहा हप्ते. दोन बायका जामीन. देण्याघेण्याचा दिवस मंगळवार, आरतीनंतर. पैसे आले की ते पुढच्या बाईला. कमानीला जी रक्कम वळवताय तिच्यातला मोठा भाग म्हणजे या गावातल्या बायकांनी देवीच्या पायाशी ठेवलेल्या साड्या आहेत, हे कृपया लक्षात घ्या.

आता माझं म्हणणं एकेक करून मांडते.

सगळ्यात आधी तो बोर्ड. निधी देताना आपण बायकांना काय सांगितलं होतं? की तुमच्याकडे तारण नाही, सातबारा नाही, काही नाही, पण तुम्ही देवीला मानता, आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवतो. त्या विश्वासाने बायकांनी फेडलं. हप्त्याच्या नोटा आधी देवीपुढे ठेवायच्या, कुंकू लावायच्या आणि मग माझ्याकडे द्यायच्या. कुठल्याही बँकेच्या काउंटरवर मी असं बघितलेलं नाही. आणि त्याच देवीच्या गाभाऱ्यासमोर, जिथे अभिषेकाची आणि देणगीदारांची नावं लागतात तिथे, त्यांची नावं "थकबाकीदार" म्हणून लावली. रकमेसकट. त्यातली एक बाई, मी नाव घेत नाही, तिची बाकी तेवीसशे रुपये. नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे, हप्ते थांबले त्याचं कारण वहीत लिहिलेलं आहे आणि मंडळाने तिला मुदत वाढवून दिलेली होती, तेही लिहिलेलं आहे. ती आता मंदिरात येत नाही. रस्त्यावरून पायरीला हात लावते आणि निघून जाते. देवीच्या नावावर जे विश्वासाने दिलं ते देवीच्या दारात अब्रू काढून वसूल करायचं, याला माझा विरोध आहे आणि तो मी कुठेही उभी राहून सांगेन. खाजगी फायनान्सवाल्यांना सुद्धा वसुलीसाठी कर्जदाराची अशी जाहीर बदनामी करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

दुसरं म्हणजे पर्याय काय ठेवलाय तुम्ही? सभेत सांगितलं गेलं की आता सरकारी योजना भरपूर आहेत, देवस्थानने यात कशाला पडायचं. मी या योजनांचे फॉर्म बायकांना भरून दिलेत, त्यामुळे बोलते. पीएम स्वनिधी चांगली योजना आहे, २०२० ला आली तेव्हा पहिलं कर्ज दहा हजाराचं होतं, आता पंधरा हजार केलंय. पण ती फेरीवाल्यांसाठी आहे, स्थानिक संस्थेचं ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. घरी मसाला करून देणारी, घरी भाकऱ्या भाजून देणारी बाई फेरीवाली कुठे आहे? मुद्रा योजनेत शिशू कर्ज पन्नास हजारापर्यंत विनातारण आहे, कागदावर. ब्रँचमध्ये गेलं की रिटर्न भरता का, दुकानाचा भाडेकरार आहे का, सिबिल किती. ज्या बाईने आयुष्यात कर्जच घेतलं नाही तिचा सिबिल कुठून येणार. लाडकी बहीणचे दीड हजार मिळतात त्यांना, हेही ऐकवलं गेलं. मिळतात, आणि सिलेंडर, लाइट बिल, मुलांची फी यात जातात. ते घरखर्चाचे पैसे आहेत, त्यातून पन्नास किलो मिरची येत नाही.

मग उरतं काय, तर गटाचं लोन. दर आठवड्याला कुणाच्या तरी दारात दहा-बारा बायका बसलेल्या दिसतात ना सेक्टरमध्ये, मोटारसायकलवर पोरगा येतो, टॅबवर अंगठे घेतो, ते. व्याज वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात. एकीने नाही भरलं तर बाकीच्यांनी भरायचं, त्यामुळे बहिणी-बहिणींत भांडणं. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की घराच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्यापेक्षा जास्त हप्ते जाता कामा नयेत, २०२२ पासून आहे, पण बाई तीन कंपन्यांकडून घेते आणि कमाई किती हे फॉर्मवर तो पोरगाच लिहितो. आपल्या निधीतल्या काही जणी अशा लोनमधून सुटायला आल्या होत्या. निधी बंद झाला की त्या परत तिकडेच जाणार आहेत. दोघी गेल्या पण.

वेळेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मला वाटतं की विश्वस्तांना हा धंदा नीट माहीत नाहीये, घरात खाल्लं जातं पण कसं येतं ते बघितलं जात नाही. आत्ता एप्रिल-मे म्हणजे आगोटीची खरेदी. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, त्याआधी जो सुका माल भरायचा तो भरायचा, जून उजाडला की चांगला माल संपलेला आणि भाव चढलेला. बंदरावर उधारी नाही, रोख लागते. मसाल्याचंही तसंच, मार्च ते मे हाच सीझन. वाशीच्या मसाला मार्केटमधून बेडगी, लवंगी, काश्मिरी, धणे, खडा मसाला आणायचा, उन्हात कडक वाळवायचा, भाजायचा, कांडपवाल्याकडे नंबर लावायचा. एका बाईच्या तीस किलोच्या ऑर्डरीला सुरुवातीलाच पंधरा हजार अडकतात. म्हणजे वर्षातून ज्या दोन महिन्यांत बाईला भांडवल लागतं, नेमक्या त्याच दोन महिन्यांत तुम्ही निधी बंद केला आणि वर एकरकमी वसुली लावली. काही जणींनी माल आधीच भरलाय, पैसे त्या ड्रमात आहेत, पाऊस पडल्याशिवाय ते परत कसे येणार?

सभेत एकाने असंही सुचवलं होतं म्हणे की बंद नको तर निदान आठवड्याचा हप्ता करा, फायनान्सवाल्यांसारखा, शिस्त लागेल. श्रावणात हप्ता कुठून येईल? आपल्याकडे श्रावण लागला की गौरी जेवेपर्यंत घरोघर मासळी बंद. सुकट विकणारी बाई तेव्हा रिकामी बसलेली असते. निधीचे पहिले तीन महिने मोकळे ठेवले होते ते हे सगळं बघून, म्हाताऱ्या बायांनी हिशोब करून ठेवले होते. बाहेर यावर अभ्यासही झालेत. कोलकात्यात एका मायक्रोफायनान्स संस्थेच्या बायकांचा अभ्यास २०१३ ला प्रसिद्ध झाला, त्यात पहिला हप्ता दोन आठवड्यांनी घेण्याऐवजी दोन महिन्यांनी घेतला तेव्हा बायकांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि पुढे कमाई वाढली असं दिसलं. थकबाकी थोडी वाढली हेही त्यात आहे, ते मी लपवत नाही. म्हणूनच बुडीतासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवा असं आम्ही सुरुवातीपासून सांगत होतो.

नवऱ्याच्या सहीबद्दल. निधी बंद करायच्या आधीच्या वर्षी तुम्ही नियम आणला की अर्जावर नवऱ्याची सही पाहिजे. मी तेव्हाही विरोध केला होता, मिनिट्समध्ये आहे. त्या नियमाने काय झालं ते सांगते. एका बाईने शिलाई मशीनसाठी अर्ज केला. नवऱ्याने सही केली आणि पैसे मिळाल्यावर अर्धे मागून घेतले, "सही मी केलीय" म्हणून. मशीन सेकंडहँड घ्यावं लागलं, ते महिन्यात बिघडलं. आज थकबाकीदारांच्या बोर्डावर तिचं नाव आहे, त्याचं नाही. विधवांचं, सोडलेल्या बायकांचं काय, त्यांनी कुणाची सही आणायची? दोन जामीन बायका असताना ही सही कशाला हवी होती हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आता जे सगळे कुजबुजतात पण सभेत स्पष्ट कुणी बोललं नाही, ते. "आपल्या देवीचे पैसे बाहेरच्या बायकांना दिले." हो, दिलेत. एक कातकरी बाई आहे, तिची वाडी भरावात गेली, तिला गावठाणाचा कसलाच हक्क मिळाला नाही. एक मुसलमान बाई आहे, भाड्याने राहते, तीही दुसऱ्या एका प्रोजेक्टमध्ये उठलेल्या वस्तीतून आलेली, नायट्या-गाऊन शिवून विकते. दोघींना मंडळाने सर्वानुमते दिले आणि दोघींनी वेळेवर फेडले, वहीत बघा. त्यांना आम्ही आरतीला बसा म्हटलं नाही आणि कधी म्हणणारही नाही. आपल्या जत्रेत पालखी सगळ्या आळ्यांतून फिरते, तेव्हा कोण कुठला विचारत नाही आपण. आपणही उठवले गेलो, त्याही उठवल्या गेल्या, गरज तीच आहे.

आणि धर्माच्या जागेतून गरिबाला भांडवल देणं हे आम्ही काही नवीन काढलेलं नाही. इटलीत पेरूजा गावात १४६२ साली फ्रान्सिस्कन साधूंनी सावकारांच्या तावडीतून गरिबांना सोडवायला अगदी कमी व्याजाची कर्जपेढी काढली होती, नंतर अशा पेढ्या गावोगाव झाल्या. लाहोरला २००१ मध्ये अखुवत नावाची संस्था दहा हजार रुपयांच्या एका कर्जापासून सुरू झाली, ती बिनव्याजी कर्जं मशिदीत बसून वाटते आणि चर्चमध्येही वाटते. कर्नाटकात धर्मस्थळाच्या देवस्थानने १९८२ पासून ग्रामीण विकासाचं काम चालवलंय, बायकांचे गट, बचत, कर्ज, सगळं. तिथे बँकेचा पैसा आहे, व्याजही आहे, आपल्याला तेवढं मोठं काही करायचं नाहीये, पण देवस्थानचं हे काम नाही असं कुणी म्हणू नये यासाठी सांगतेय. लांब कशाला जायचं, आपल्याच मंदिरात दरवर्षी सप्ताह होतो. तुकोबांच्या घरी सावकारी होती, दुष्काळानंतर भावाच्या वाटणीची कर्जखतं भावाला दिली आणि स्वतःच्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली, हे आपण सगळे कीर्तनात माना डोलवत ऐकतो. मी तर कुणाचं देणं बुडवा असं म्हणतही नाहीये. बायका फेडणार आहेत, त्यांना वेळ द्या एवढंच म्हणतेय.

कायद्याचा मुद्दा खजिनदारसाहेबांनी काढला, त्याला उत्तर देते. त्यांचं म्हणणं सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५०, कलम ३५ प्रमाणे ट्रस्टचा पैसा बँकेतच ठेवला पाहिजे. कलम ३५ आहे, बरोबर. ते ट्रस्टच्या उद्देशासाठी लगेच वापरायचा नसलेल्या पैशाबद्दल आहे. आपल्या ट्रस्टच्या घटनेत उद्देशांमध्ये "गरीब व गरजूंना साहाय्य" असं लिहिलेलं आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये गरिबी आणि संकटाचं निवारण हे धर्मादाय कामच धरलंय. सावकारीचा धोका म्हणाल तर २०१४ चा सावकारी कायदा व्याजाने दिलेल्या पैशाबद्दल बोलतो, आपण एक पैसा व्याज घेतलेलं नाही. तरीही शंका असेल तर चांगला मार्ग आहे, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसकडून लेखी मार्गदर्शन मागवा, मी स्वतः अर्ज लिहून देते. पण शंका आहे म्हणून चौकशी न करताच निधी बंद, आणि कमानीला मात्र त्याच पैशाची काही शंका नाही, हे मला पटत नाही.

कमानीला माझा विरोध नाही, हेही स्पष्ट करते. जुन्या गावाची कमान पाडताना मी रडलेय. नव्या जागी आपल्या गावाचं नाव दिसावं असं प्रत्येकाला वाटतं, नाहीतर आपण नुसते सेक्टर नंबर होऊन जाऊ. कमान व्हावी. तिच्यासाठी वेगळी वर्गणी काढा, ज्यांचे प्लॉट विकले गेले त्यांच्याकडे जा, महिला मंडळ तुमच्याबरोबर घरोघर फिरेल, हा शब्द मी मंडळाला विचारून देतेय.

सिडकोने नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या त्याविरुद्धच्या जासईच्या लढ्याची आठवण आपण दर जानेवारीत काढतो. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला पाच जण हुतात्मे झाले आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची योजना आली. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील साहेबांचं नाव विमानतळाला द्या म्हणून मानवी साखळी केली तेव्हा आपल्या बायका लेकरं कडेवर घेऊन उन्हात उभ्या होत्या, बस भरून तुम्हीच नेल्या होत्या. सिडकोने आम्हाला विचारात घेतलं नाही, ही तक्रार आपण पन्नास वर्षं करतोय आणि ती खरी आहे. मग आपल्याच देवस्थानात बायकांच्या पैशाचा निर्णय बायकांना न विचारता व्हावा का?

आमच्या मागण्या अशा आहेत.

थकबाकीदारांचा बोर्ड आजच्या आज उतरवा. ज्यांची नावं लावली त्यांच्या घरी दोन विश्वस्तांनी जाऊन दिलगिरी व्यक्त करावी, जाहीर काही नको, घरी जा, चहा घ्या, बोला.

निधी बंद करण्याचा ठराव स्थगित करा आणि विषय अजेंड्यावर घेऊन, रीतसर नोटीस काढून विशेष सभा बोलवा. सभेची वेळ संध्याकाळी सातनंतर ठेवा, त्याआधी बायका धंद्यावर असतात, आणि त्या दिवशी महाप्रसाद ठेवू नका.

एकरकमी वसुली थांबवा. जुने हप्ते जसे ठरले होते तसे चालू राहतील. आजारपण, मृत्यू, अपघात असेल तिथे मुदत वाढवायचा अधिकार महिला मंडळाकडे राहू द्या, कारणासकट वहीत नोंद होईल.

नवऱ्याच्या सहीची अट काढा. दोन जामीनदार बायका पुरेशा आहेत. गाव, जात, धर्म यावरून अर्ज नाकारायचा नाही हे नियमात लिहून टाका, तोंडी नको.

निधीचं खातं वेगळं करा, सही एक विश्वस्त आणि दोन कर्जदार बायका यांची. वर्षातून एकदा ऑडिट करा आणि हिशोब सगळ्यांना वाचून दाखवा. दरवर्षी साड्यांच्या विक्रीतला दहावा हिस्सा बुडीतासाठी बाजूला ठेवा, म्हणजे एखादीचं खरंच बुडालं तर कुणाच्या दारात जावं लागणार नाही. माझ्यावर अविश्वास असेल तर वही दुसऱ्या कुणाकडे द्या, मला त्याचं वाईट वाटणार नाही, फक्त ती बाई असावी आणि तिला बेरीज यावी.

आणि एक, जे पैशाचं नाही. मंदिराच्या मागची मोकळी जागा मार्च ते मे मिरच्या वाळवायला उघडी ठेवा. फ्लॅटच्या टेरेसवर सोसायटीवाले वाळवू देत नाहीत, ठसका लागतो म्हणतात, आणि त्यांचंही चूक नाही. त्या जागेला आत्ता कुलूप आहे आणि आत मांडवाचे बांबू पडलेत. बांबू एका बाजूला लावायला आमची पोरं येतील.

उत्तर १० मेच्या आत हवं आहे, लेखी. मुदत उगाच घातलेली नाही, त्यानंतर करंज्याला चांगला बोंबील मिळत नाही आणि ज्या सात जणींचे अर्ज माझ्याकडे पडून आहेत त्यांचं हे वर्ष जाईल. उत्तर नाही आलं तर आम्ही धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करू, आणि कोण कोण सह्या करणार आहे ते आत्ताच ठरलेलं आहे. पण तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं. घरातलं घरात मिटावं.

वही, पावत्या आणि बँकेचं पासबुक दर मंगळवारी आरतीनंतर सभामंडपात माझ्याकडे असतं. कुठल्याही विश्वस्ताने, कुठल्याही गावकऱ्याने येऊन बघावं.

आपली,
निधीची वही सांभाळणारी गावातली सून,
महिला मंडळाच्या वतीने